डावीकडचा लाल दिवा

पासिंग आलं की आमच्या घरात माणसाला किंमत न्हाय. बाकी वरीसभर लई हाय अशातला भाग न्हाय, पर पासिंगच्या आठवड्यात अजिबात न्हाय. आमची टॅक्सी म्हणजे काळी ॲम्बेसेडर, पिवळ्या टपाची. वर्षातनं एकदा ती आरटीओच्या साहेबाफुडं उभी करायची. साहेब तिला फुडनं, मागनं, खालनं बघणार, आणि त्यानं पास केली तरच ती फुडं वरीसभर रस्त्यावर. न्हायतर दारात उभी, आणि आमी तिच्याकडं बघत बसायचं. त्या एका दिवसापायी आमचं मालक, म्हणजे बाबासो, आधी आठवडाभर घरात एका जागी बसायचं न्हाईत. घास तोंडात असताना उठायचं, बॉनेट उघडून बघायचं, आणि तसंच ग्रीसचं हात घेऊन परत ताटावर. मी म्हणायची, अवो, लगीन गाडीचं हाय का तुमचं?

स्टँडवरचं दुसरं डायवर पासिंगच्या दिवशी चाकाखाली लिंबू ठेवत्यात, बंपरला मिरच्या बांधत्यात, नारळ फोडत्यात. आमच्यात छप्पन साली दीक्षा घेतली तवापासनं ते बंद झालं. मालक म्हणायचं, आपल्यात नारळ-लिंबू न्हाय, आपल्यात नट-बोल्ट. आधी मिलिटरीत डायवर व्हतं ना, तिथली ती खोड. एकेक नट पान्यानं आवळून बघायचा, एकेक वायर बोटानं चाचपायची. फर्स्ट एडची पेटी भरायचं काम माझं. वरीसभर बोळातल्या पोरांच्या गुडघ्यांनी ती रिकामी झालेली असायची, मग टिंक्चर इकत आणायचं आणि गादीतला कापूस उपसून, धुवून, वाळवून त्यात घालायचा. साहेबाला काय कळतंय, कापूस तो कापूस.

आणि सगळ्यात शेवटी, आदल्या दिवशी सांजच्याला, दिवं बघायचं. ते काम दोघांचं. मी आत स्टेरिंगवर बसायची, मालक गाडीच्या मागं उभं ऱ्हायचं आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं वरडायचं, "दाब." मी ब्रेक दाबायची. मागनं आवाज यायचा, "लागला." गाडी घेतल्यापासनं त्यात बदल न्हाय. मला गाडी चालवता येत न्हाय, पर वर्षातनं एकदा त्या सीटवर बसायला मला लई बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मी सांगतीया ते अठ्ठ्याहत्तर साल. थंडीचं दिवस. आमची मीनाक्षी चंदगडला दिलेली, जावई तिथं शाळेत मास्तर. पोरगी पहिलटकरीण. सातवा महिना सरत आलता, आणि आठव्यात आमच्याकडं बाईला हलवत न्हाईत. म्हणून आठवा लागायच्या आत तिला माहेरी आणायची व्हती. जावई म्हणला, मी यष्टीनं आणून सोडतो. झालं, मालकाचा पारा चढला. टॅक्सीवाल्याची लेक पोटुशी असताना यष्टीच्या मागच्या सीटवर आदळत येणार? मी सोता जाणार, माझ्या गाडीनं आणणार, पोटातलं पाणी हलू देणार न्हाय. सोमवारी पासिंग, मंगळवारी पहाटे चंदगड. तसा निरोप गेला. पोरीनं म्हणं लगीच पिशवी भरून ठेवली.

त्या रस्त्याचं मला भ्या वाटायचं. आजऱ्याच्या फुडं झाडी आणि वळणं, पहाटेचं धुकं असं की हात लांब केला तर दिसायचा न्हाय. त्यात कारखानं सुरू झालेलं, म्हणजे रस्ताभर उसाच्या बैलगाड्या. मागं कंदील न्हाय का काय न्हाय, गाडीवान वर झोपलेला आणि बैल आपलं चाललेलं. पर मालकाला रस्ता पाठ व्हता, म्हणून मी गप ऱ्हायची.

तर पासिंगच्या थोडं आधी मालक मुरगूडचं भाडं करून अंधार पडल्यावर आलं, ते डावं मडगार्ड चेपवूनच आलं. म्हणालं, उसाची गाडी फुडं व्हती, बैल बुजलं आणि गाडी मागं आली. मी त्या गाडीवानाला चांगल्या शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी गॅरेजवाल्या पिराजीनं ठोकून पत्रा सरळ केला. ठोकता ठोकता तो मला म्हणला, वैनी, बैलगाडी मागं आली असती तर मार असा बसला नसता, आपली गाडीच जाऊन भिडलीया. मी म्हणलं, तू तुझा हातोडा मार, पंचाईत करू नको. पिराजी हसला आणि मी बी हसले. डोक्यात काय शिरलं न्हाय माझ्या.

रविवारी मी बाजारातनं आले तर मालक ब्रश धुवत बसलेलं. मडगार्ड रंगवून झालतं. सोता दुकानात जाऊन रंगाचा डबा आणलता, सोताच मारलता, आणि लई खुशीत व्हतं. शेजारची चिमणाबाई नळावर कळशी घेऊन उभी. ती म्हणली, "तानू, गाडीचा एक गाल निळा कशापायी केलासा?"

मी बघितलं. गाडी काळी आणि मडगार्ड निळं. शाईची दौत सांडावी तसं निळं, ऊन पडलेलं त्याच्यावर.

मालक म्हणालं, काळाच हाय, वला हाय म्हणून तसा दिसतोय, वाळला की बसंल. चिमणाबाई हसाय लागली. मग मालक तिच्यावर असं तडकलं की विचारू नका. तुझ्या डोळ्यात फूल पडलंय, दवाखान्यात जा, काळं-निळं कळत न्हाय आणि चालली शहाणपण शिकवाय. चिमणाबाई कळशी उचलून तरातरा गेली. मालक माझ्याकडं वळलं आणि म्हणालं, तू सांग, काळाच हाय का न्हाय?

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मला वळखणारी माणसं सांगतील, तानूबाईचं तोंड एकदा उघडलं की काम झाल्याबिगर मिटत न्हाय. पर मालकाच्या तोंडाकडं बघितलं तर ते खरंच इचारत व्हतं. चेष्टा न्हाय, हट्ट न्हाय. त्यास्नी म्हाईतच नव्हतं. मी म्हणलं, वाळू द्या, मग बघू.

चुलीपाशी बसले आणि एकेक आठवाय लागलं. चहा बशीच्या बाहेर वतायचं आणि म्हणायचं, कपाचा कान ढिला झालाय. पेपर मला वाचाय लावायचं, का तर चष्म्याला वरखडं पडल्यात. रस्त्यात मी समोरनं आले तरी हाक मारल्याबिगर वळखायचं न्हाईत, मला वाटायचं भाड्याचा इचार करत असतील. रातची भाडी सोडली, म्हणालं, आता अंग साथ देत न्हाय. हे सगळं माझ्या डोळ्यादेखत चाललं व्हतं. त्यास्नी दिसत नव्हतं ते नव्हतं, मला तर दिसत व्हतं ना? राग राग आला मला. त्यांचा आला आणि माझा त्याच्याहून जास्त आला.

तशीच उठले आणि कृष्णातभावजींच्या घरी गेले. कृष्णात मालकाचा जुना दोस्त, सोताची टॅक्सी चालवतोय, दोन घरं सोडून ऱ्हातोय. मी सांगाय लागले तर त्यानं मान खाली घातली. म्हणला, वैनी, स्टँडवर सगळ्यांस्नी म्हाईत हाय. मोतीबिंदू हाय, दोन्ही डोळ्यांत. बाबासोला मागं घ्यायला लागू नये म्हणून आमी त्याची गाडी कडंला सरळ लावू देतो. म्हणलं, आणि मला का न्हाय सांगितलंसा? तर म्हणं शपथ घातलीया. डायवरचा डोळा गेला ही बातमी फुटली की त्याच्या गाडीत कोण बसतंय? मिरजेला मोतीबिंदू काढत्यात, पर बाबासोच्या चुलत्याचा डोळा तसाच काढताना गेलाय, म्हणून तो नाव काढू देत न्हाय.

मी म्हणलं, भावजी, मंगळवारी तो माणूस माझ्या पोरीला मागं बसवून धुक्यातनं येणार हाय. मी जातो गाडी घेऊन, असं कृष्णातानं आधी दोनदा मालकाला सुचवलं व्हतं आणि दोन्ही वेळंला शिव्या खाल्ल्या व्हत्या. शेवटी त्यानं घरातनं काळ्या रंगाचा डबा काढला, आमच्या दारात आला आणि मालकाला म्हणला, बाबासो, दुसरा हात मी मारतो. मला वाटलं आता भांडान व्हणार. मालक नुसतं म्हणालं, "मार. थंडीनं माझा हात थरथरतोय." आणि उंबऱ्यावर जाऊन बसलं.

सांजच्याला दिवं बघायची येळ आली. मी पदर खोचून स्टेरिंगवर बसाय निघाले तर मालक म्हणालं, यंदा तू मागं उभी ऱ्हा, मी आत बसतो. का ओ? तर म्हणं गुडघा दुखतोय, उभं ऱ्हावत न्हाय. इतकी वर्षं गेली, ताप असला तरी हा माणूस मागंच उभा ऱ्हायलेला.

मी मागं गेले. आतनं त्यांनी ब्रेक दाबला. दोन्हीकडचं लाल दिवं लख्ख लागलं. "लागलं का?" आतनं आवाज आला. आणि माझ्या मनात काय आलं कुणास ठाऊक, मला एकदा काय ते कळून घ्यायचंच व्हतं. म्हणलं, उजवा लागला, डावा न्हाय.

मालक उतरलं. म्हणालं, तू बस आत, मी बघतो. मी आत बसले आणि पाय सगळा जोर लावून ब्रेकवर ठेवला. आरशात मालकाचं डोकं दिसत व्हतं. वाकलं, एकदा ह्या अंगानं बघितलं, एकदा त्या अंगानं बघितलं, हातानं सावली धरली. मी मनातनं म्हणत व्हते, म्हणा की लागलाय. द्या मला शिव्या, म्हणा की तानू तुझं डोळं फुटल्यात का.

"व्हय गं," मालक म्हणालं. "न्हाय लागत डावा."

स्क्रू काढायचा आवाज आला. मी पाय काढायचा इसरून तशीच बसले. काच काढली, आत हात घातला, आणि "स्स्" केलं. मग लई येळ काय आवाज न्हाय. नवा बल्ब घातला, काच बसवली, सोता आत बसून ब्रेक दाबला आणि मला म्हणालं, आता बघ. मी जाऊन बघितलं आणि म्हणलं, लागला. त्यांनी जुना बल्ब फडक्यात गुंडाळून खिशात ठेवला. चांगला बल्ब, टाकून बी दिला न्हाय.

त्या रातीला दोघं बी या कुशीवरनं त्या कुशीवर. मी इचार करत व्हते, साहेबच नापास करू दे गाडीला. म्हणजे मला काय बोलाय नको, त्यास्नी काय ऐकाय नको. ज्या गाडीसाठी आठवडाभर मी बी राबले ती नापास व्हावी म्हणून मीच मनातनं धावा करतीया. असली कसली बाई मी, असं वाटलं.

सकाळी मी बी गाडीत बसले. मालक कवा नको म्हणायचं न्हाईत. रस्ताभर माझं तोंड चाललं व्हतं. आली बघा म्हस आडवी. ही सायकलवाली पोरं बघा, कशी मधनंच चालल्यात. टांगा थांबलाय फुडं. एरवी मालक खेकसलं असतं, मला काय दिसत न्हाय का म्हणून. त्या दिवशी खेकसलं न्हाईत. मी म्हस म्हणलं की गाडी हळू व्हायची, टांगा म्हणलं की थांबायची.

आरटीओत गाड्यांची रांग. साहेब नवीन, पोरगेला, तिरसट. आमच्या फुडच्या ट्रकला त्यानं हॉर्नपायी परत पाठवलं, तवा मला जरा आशा वाटली. आमचा नंबर आला. साहेबानं हॉर्न वाजवून बघितला, वायपर बघितला, दिवं बघितलं. डावा बी बघितला, लागला की. फर्स्ट एडची पेटी उघडून माझ्या गादीतला कापूस बघितला. मडगार्डवरनं हात फिरवला आणि काय बोलला न्हाय. मग शेजारी बसून मालकाला म्हणला, घ्या मैदानातनं, मी सांगतो तवा ब्रेक मारा.

मी कडंला उभी. मोकळं मैदान, फुडं काय न्हाय, आणि साहेब तोंडानं सांगणार. मालकाचं कान तर अजून तिखट. साहेब "मारा" म्हणला असंल, गाडी जागच्या जागी थांबली, चारी चाकं एकदम. साहेब उतरला आणि म्हणला, "इतकी जुनी गाडी अशी ठेवलेली मी बघितली न्हाय, बाबासो." सही केली. गाडी पास.

मालकाची छाती फुगली. रांगेतल्या डायवरांनी पाठीवर थापा मारल्या. दरवर्षी ह्या टायमाला मी पिशवीतनं पेढ्याची पुडी काढते. पुडी व्हती, पर माझा हात पिशवीत जाईना.

फाटकाबाहेर आलो आणि मी म्हणलं, गाडी कडंला घ्या. त्यांनी घेतली. इंजिन बंद केलं. का म्हणून इचारलं न्हाय.

"काल डावा दिवा लागत व्हता," मी म्हणलं. "मी खोटं सांगितलं. तुमी बघितलंसा आणि न्हाय लागत म्हणालासा."

मालक काचेतनं फुडं बघत बसलं. मग म्हणालं, "ठाऊक हाय."

"काय ठाऊक हाय?"

"बल्ब गरम व्हता. बोट भाजलं तवाच कळलं." त्यांनी अंगठा बोटावर फिरवला. "तवापासनं वाट बघतोय, तू कवा बोलतीस म्हणून."

माझं डोकंच फिरलं. म्हणलं, आणि मी बोलले नसते तर? दोघं बी रातभर जागं, दोघांस्नी बी म्हाईत, आणि उद्या पोरीला मागं बसवून तुमी त्या धुक्यात गाडी घातली असती? तिच्या पोटात लेकरू हाय ओ. मी रडत व्हते का वरडत व्हते, माझं मला कळत नव्हतं. रस्त्यानं जाणारी माणसं वळून बघत व्हती.

"गेलो असतो," मालक म्हणालं. "तेचंच तर भ्या वाटत व्हतं, तानू. मीनाला सांगितलंय मी येतो म्हणून. आता न्हाय येत म्हणून कसं सांगायचं ते मला काय केल्या सुचंना."

मग मालक हळूच म्हणालं, "आणि मडगार्ड?"

"निळं," मी म्हणलं. "दुपारभर सगळ्या बोळानं बघितलं."

"म्हणजे चिमणाबाईचं डोळं चांगलं हाईत म्हणायचं," मालक म्हणालं, आणि मला रडता रडता हसू आलं. मी पेढ्याची पुडी काढली. त्यांनी हात फुडं केला तो पुडीच्या बाजूला गेला, मग मी पेढा त्यांच्या हातावर ठेवला.

मंगळवारी पहाटे अंधारातच कृष्णातभावजी दारात आला. थंडी कडाक्याची. त्याला चहा दिला, आणि त्याला वाटलं आता निघायचं. तर मालक म्हणालं, थांब. दिवं बघितल्याबिगर गाडी जाणार न्हाय. कृष्णात म्हणला, बाबासो, कालच पास झालीया की. मालकानं त्याच्याकडं लक्षच दिलं न्हाय. मला म्हणालं, तू बस आत.

मी स्टेरिंगवर बसले, चावी फिरवली. मालक गाडीच्या कडंनं हात लावत लावत मागं गेलं, आणि सगळ्या बोळाला ऐकू जाईल असं वरडलं, "दाब."

मी ब्रेक दाबला. मागनं आवाज येईना. मी आरशात बघितलं. मालक डाव्या दिव्याफुडं खाली बसलेलं, आणि त्यांचा तळहात काचेवर ठेवलेला. बोटांच्या फटीतनं लाल उजेड येत व्हता. "सोडू नको," ते म्हणालं. "दाबून धर."

काच तापायला येळ लागतो, आणि त्यात ती थंडी. माझ्या पायाला मुंग्या आल्या, पर मी पाय काढला न्हाय. कृष्णात हातातला कप तसाच धरून उभा व्हता.

"लागला," मालक वरडलं.

मग उजव्याफुडं बसलं, तसाच तळहात ठेवून, तेवढाच येळ. तो बी लागला. मी उतरले, चावी काढून त्यांच्या हातावर दिली. त्यांनी ती जरा येळ मुठीत धरली आणि कृष्णाताच्या हातात ठेवली. मग गाडीच्या फुडनं वळसा घालून डाव्या अंगाचं दार चाचपून उघडलं आणि आत बसलं. गाडी बोळातनं बाहेर पडताना मी मागं उभी व्हते. वळणावर कृष्णातानं ब्रेक मारला, आणि दोन्ही दिवं लागलं.